सेक्रेटरीसाहेब, कॉमा सढळ हाताने टाका

अभिनंदन! सोसायटीची निवडणूक बिनविरोध झाली, म्हणजे सभेत मान खाली घालायला तुम्हाला क्षणभर उशीर झाला, आणि आता तुम्ही सेक्रेटरी आहात. पहिलं काम नोटीस काढण्याचं. ती इंग्रजीतच काढायची. जिन्यातलं भांडण मराठीत, वॉचमनला दम हिंदीत आणि नोटीस इंग्रजीत, ही कुलाब्यापासून दहिसरपर्यंतची रीत आहे. शब्दांची काळजी नको. 'काइंडली', 'हेन्सफोर्थ', 'डू द नीडफुल' हे सगळं मागच्या सेक्रेटरीच्या फाईलमध्ये तयार मिळेल. तुमची छाप पडणार ती विरामचिन्हांवर.

सुरुवात लेटरहेडपासून. 'को-ऑप.' या शब्दात दोन ओंच्या मध्ये एक बारीक आडवी रेघ असते. ती काढून टाका, उगाच शाई जाते. रेघ गेली की स्पेलिंग उरतं ते 'कूप'चं, आणि इंग्रजीत कूप म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. पण आपल्याकडच्या वन बीएचकेचा कार्पेट एरिया बघता कोणी हरकत घेईल असं वाटत नाही.

आता कॉमा. नियम शाळेतलाच: वाचताना जिथे दम लागेल तिथे कॉमा. लिफ्ट बंद असताना पाचव्या मजल्यावर चढून आल्या आल्या मसुदा वाचलात, तर कॉमांना तोटा नाही. पहिली नोटीस थकबाकीची असेल. ती अशी लिहा: 'मेंबर्स, हू हॅव नॉट पेड मेंटेनन्स, विल नॉट गेट पार्किंग.' दोन कॉमा, कसे दोन हवालदारांसारखे उभे आहेत बघा! इंग्रजीत मात्र या दोन कॉमांमधला मजकूर ही नुसती जादा माहिती ठरते. तो उचलून बाजूला ठेवला तर उरतं, 'सभासदांना पार्किंग मिळणार नाही.' सगळ्याच सभासदांना. वर, सगळ्यांनीच पैसे बुडवलेत अशी जाहीर नोंदही झाली. कॉमा नसते तर तोच मजकूर चाळणी झाला असता: ज्यांनी भरले नाहीत, फक्त त्यांना नाही. पण मग दर महिन्याच्या पाच तारखेला नियमाने पैसे भरणारे सी विंगचे काका तुमच्या दारात तावातावाने कसे आले असते? सेक्रेटरीला लोकसंपर्क हवाच.

जिथे कॉमा खरोखर लागतो, तिथे मात्र हात आखडता घ्या. 26 जानेवारीच्या झेंडावंदनानंतर आभाराची नोटीस लागते: 'वुई थँक आवर वॉचमेन, द चेअरमन अँड द ट्रेझरर.' 'अँड'च्या आधी कॉमा नाही, त्यामुळे चेअरमन आणि ट्रेझरर हेच आपले वॉचमन, असाही अर्थ निघतो. (रात्रपाळी कोणाची, हे नंतर ठरवता येईल.) या एका कॉमापायी अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर ओव्हरटाइमसाठी कोर्टात गेले होते. ज्या कामांना ओव्हरटाइम नाही, त्यांच्या कायद्यातल्या यादीच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते आणि 'ऑर'च्या आधी कॉमा नव्हता. मग ओव्हरटाइम फक्त पॅकिंगला नाही, की माल पोचवण्यालाही नाही? ड्रायव्हर माल पोचवत होते, पॅक करत नव्हते. 2017 मध्ये अपील कोर्टाचा कौल ड्रायव्हरांच्या बाजूने लागला आणि 2018 मध्ये डेअरीने 50 लाख डॉलर देऊन तडजोड केली. आपल्या सिंकिंग फंडात तेवढे असतीलच.

अर्धविरामाच्या वाटेला जाऊ नका. कमिटीच्या यादीत 'चेअरमन, ए विंग; सेक्रेटरी, बी विंग; ट्रेझरर, सी विंग' असं लिहिलं तर तीन माणसं स्वच्छ मोजता येतात. सगळीकडे कॉमाच टाकला की सहा दिसतात. कमिटी भरलेली दिसलेली बरी.

अपॉस्ट्रॉफी म्हणजे शब्दाला लावलेली तीट. कुठेही एस दिसला की त्याच्या आधी लावून टाका, नुसतं अनेकवचन असलं तरीही. 'मेंबर्स मीटिंग'मध्ये ती खरं तर एसनंतर यायला हवी, कारण सभासद अनेक आहेत. एसच्या आधी आली की सभा एकाच सभासदाची होते. वाईट काय त्यात? कोरमअभावी अर्धा तास तहकुबी नको, आणि वडे-चहाचा खर्चही आवरतो.

कॉमाच्या आधी एक स्पेस सोडायची, हे तर गल्लीतल्या झेरॉक्सवाल्यालाही पाठ आहे. कॉम्प्युटर ओळ मोडतो ती स्पेसवर, त्यामुळे कॉमा आपल्या शब्दापासून तुटून पुढच्या ओळीच्या तोंडाशी एकटाच येऊन बसतो, विरार फास्टच्या दारात लटकलेल्या माणसासारखा. विषयाच्या ओळीत अपूर्णविराम आणि रेघ जोडून द्या आणि लगेच कंस उघडून 'अर्जंट' म्हणा: वर्ड आपणहून तिथे रडका चेहरा काढून देतो. उपविधीतल्या कंसातल्या सी कलमाचं तो कॉपीराइटचं वर्तुळ करतो. त्याच क्षणी कंट्रोल-झेड दाबलं तर कंस परत येतो, पण तुम्ही कशाला दाबताय? कलमावर आपला हक्क राहिलेला चांगला.

आपल्या पूर्वजांनी मोडीत विरामचिन्हांवाचून, शब्दांत जागाही न सोडता, अख्ख्या दौलतीचा कारभार चालवला. मग 19व्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रजाने ही चिन्हं मराठीला लावून दिली. आपण ती इंग्रजीला व्याजासकट परत करतो आहोत, इतकंच.

उद्गारचिन्हं तीनच्या पटीत असावीत. पुढे बोलायला नको.

राहिली अवतरणचिन्हं. जोर द्यायचा असेल तो शब्द त्यांत घाला. टाकी धुतल्यावर: 'द "ड्रिंकिंग" वॉटर विल रिझ्यूम ॲट 6 पीएम.' इंग्रजीत असा एकटा शब्द अवतरणात दिसला की वाचणारा 'तथाकथित' असं समजतो. म्हणजे पाणी येईल, पण ते पिण्याचं असेलच असं कमिटी म्हणत नाही. सातच्या आत वॉटर प्युरिफायरवाल्याचा फोन लागेनासा होईल.

बी विंगमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई असणारच. त्या नोटिशीवर लाल पेन चालवतील. तेव्हा फळ्याला काचेचं दार आणि कुलूप बसवून घ्या. त्यासाठी रीतसर तीन "कोटेशन" मागवा आणि हा शब्द मिनिट्समध्ये अवतरणातच राहू द्या. तिन्ही एकाच कॉन्ट्रॅक्टरच्या दुकानातून येणार आहेत, तेव्हा इथे चिन्ह अगदी बरोबर बसलंय.