‘दोर तुटला तर?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

निनावी वाचक,

रशियाच्या आर्क्टिक किनाऱ्यावरच्या पेवेक बंदरातल्या तरंगत्या अणुवीजकेंद्रावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘वादळात दोर तुटला की अणुभट्टी समुद्रात भरकटणार, हे शाळकरी पोरालाही कळतं. खुर्चीत बसून रशियाची जाहिरात करणाऱ्यांना कसं कळणार?’ पुढे खर्च आणि कचऱ्याचा विषय काढलात. शंका जरूर काढा. पण ती काढताना समोरच्याला विकला गेलेला ठरवलंच पाहिजे का?

खुर्चीचं म्हणाल तर माझी उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांच्या डेकवर गेली. ताणलेला हॉसर, म्हणजे जहाज बांधायचा जाड दोर, तुटला की सणसणत मागे येतो. एका खलाशाचा पाय त्यात गेलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. दोर तुटणं म्हणजे काय, हे मला शिकवू नका.

आता मुद्दा. हे तरंगतं केंद्र, ‘अकादमिक लोमोनोसोव्ह’, उघड्या समुद्रात नांगरलेलं नाही. १४४ मीटर लांबीचं, साधारण २१,५०० टन विस्थापनाचं हे धूड २०१९ साली टगांनी (ओढबोटींनी) ओढत पेवेकला आणलं आणि खास त्याच्यासाठी बांधलेल्या धक्क्याला लावलं. समजा, तिथूनही निसटलं. तरी न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे भट्टीच्या गाभ्यात जाऊन साखळी प्रक्रिया थांबते. खरी काळजी त्यानंतरची. भट्टी बंद झाल्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते, ती हळूहळू उतरते. २०११ मध्ये फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच बंद झाल्या होत्या. घात झाला तो त्सुनामीनं डिझेल जनरेटर बुडवल्यावर, कारण उष्णता काढणारं काही उरलं नाही. म्हणून आराखडा करणारा माणूस आधी हेच विचारतो की वीज नसताना ही उष्णता जाणार कुठे. लोमोनोसोव्हवरच्या केएलटी-४०एस भट्टीत त्यासाठी पंपांविना चालणारी शीतनव्यवस्था आहे. ती पुरेशी आहे का, असं विचारलं असतंत तर मी आनंदानं पानंच्या पानं लिहिली असती.

खर्चाबद्दल लेखात काही नव्हतं, हे मान्य. दोन भट्ट्या मिळून ७० मेगावॅट, आणि बांधणी २००७ पासून रखडत गेलेली. स्वस्त नाहीच ते. कचऱ्यावर वेगळं लिहिणार आहे, इथे फाटे फोडत नाही.

राहिली रशियाची जाहिरात. अमेरिकन लष्कराच्या ‘स्टर्जिस’ या तरंगत्या केंद्रावरची अणुभट्टी १९६८ पासून काही वर्षं पनामा कालव्याला वीज देत होती. हे त्याच लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथवर तुम्ही वाचलेलं दिसत नाही.