नव्या गाडीचे पहिले 2,000 किलोमीटर

गाडी घरी येऊन पाच आठवडे झाले. ओडोमीटरवर आज 1,640 आहे. सहा सिलिंडर, दोन टर्बो, आणि रेडलाईन (इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) मी अजून एकदाही पाहिलेली नाही. भेटेल तो पहिलं हेच विचारतो, "किती पळवली?" मी सांगितलं की अजून रनिंग-इन, म्हणजे नव्या इंजिनाचे भाग एकमेकांना बसण्याचा सुरुवातीचा काळ, चालू आहे, की मग सल्ले सुरू होतात. एक गट म्हणतो, आजची इंजिनं कारखान्यातूनच तयार होऊन येतात, पहिल्या दिवसापासून बिनधास्त पिळा. दुसरा गट म्हणतो, पहिले 1,000 किलोमीटर तळहाताच्या फोडासारखी जप, 60 च्या वर जाऊच नको. गेल्या पाच आठवड्यांत दोन्ही इतक्या वेळा ऐकलंय की आता सविस्तर लिहूनच टाकतो. माझ्या मते दोन्ही गट गाडीचं नुकसान करतात, आणि जपणारा गट जास्त करतो.

नव्या इंजिनात नेमकं काय व्हायचं बाकी असतं, तिथून सुरुवात करू. सिलिंडरची आतली भिंत काचेसारखी गुळगुळीत नसते. तिच्यावर होनिंग करून तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा मुद्दाम पाडलेल्या असतात. जात्याला टाकी लावतात ना, साधारण तसं, फक्त डोळ्याला जेमतेम दिसेल इतकं बारीक. त्या रेषांच्या खोलगट भागात ऑईल धरून राहतं आणि उंचवट्यांवर पिस्टनची रिंग (सिलिंडरमध्ये वर-खाली जाणाऱ्या पिस्टनभोवतीची कडी) घासते. पहिल्या काही तासांत हे उंचवटे थोडे झिजतात, रिंगची कडाही झिजते, आणि दोघं एकमेकांना चपखल बसतात. रिंग बसली म्हणतात ती ही.

आता रिंगला भिंतीवर दाबतं कोण? तिचा स्वतःचा ताण असतोच, पण तो थोडा. खरा जोर येतो जळणाऱ्या वायूच्या दाबातून. तो दाब रिंगच्या मागे खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. ॲक्सिलरेटर जेमतेम टेकवून चालवत राहिलात तर हा दाबच तयार होत नाही. रिंग भिंतीवरून नुसती घसरत राहते आणि भिंतीवरचं ऑईल भाजून तिथे चकचकीत थर चढतो. याला ग्लेझिंग म्हणतात. तो थर एकदा पक्का झाला की पुढे कितीही जोरात चालवा, रिंग नीट बसत नाही. गाडी ऑईल पीत राहते, आणि खात्रीचा उपाय एकच उरतो: इंजिन उघडून पुन्हा होनिंग.

माझ्या एका मित्राचं हेच झालं. गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी लांबच्या प्रवासाला निघाला. सरळ हायवे, क्रूझ कंट्रोल 80 वर, टॉप गिअर, इंजिन 1,600 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) आसपास. दोन दिवसांत 1,100 किलोमीटर झाले. "रनिंग-इन उरकलं," असं त्याने मोठ्या समाधानाने फोनवर सांगितलं. आज ती गाडी दर 1,500 किलोमीटरला एक लिटर ऑईल मागते. सगळा दोष त्या दोन दिवसांचाच आहे असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण मला दुसरं कारण दिसत नाही. इतक्या मनापासून जपलेल्या गाडीचं असं व्हावं याचं फार वाईट वाटतं.

विमानांची पिस्टन इंजिनं बघा. लायकमिंग कंपनी आपल्या नव्या इंजिनांसाठी सांगते की उड्डाणात 65 ते 75 टक्के शक्तीवर चालवा, सुरुवातीला साधं मिनरल ऑईल वापरा, आणि ऑईलचा खप स्थिर होईपर्यंत किंवा 50 तास हे पाळा. जिथे इंजिन बंद पडलं तर बाजूला घेऊन थांबायची सोय नाही, तिथेही नवं इंजिन हळू चालवायला सांगत नाहीत. रिंग बसायला लोड, म्हणजे इंजिनाला ओढायला लागणारा जोर, लागतोच.

मग पहिल्या गटाचं बरोबर म्हणायचं का? नाही. लोड आणि आरपीएम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक वाद त्यांची गल्लत झाल्यामुळे होतात. पिस्टन प्रत्येक फेरीत वर-खाली जाताना दोनदा पूर्ण थांबतो आणि उलट फिरतो. त्या हिसक्याचं बल आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे 5,000 वरून 7,000 वर गेलात तर वेग चाळीस टक्क्यांनीच वाढला, पण कनेक्टिंग रॉडवर आणि बेअरिंगवर येणारं हे बल जवळजवळ दुप्पट झालं. ज्या बेअरिंगनी आणि कॅमच्या लोब्जनी (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांनी) अजून एकमेकांची ओळखही करून घेतलेली नाही, त्यांच्यावर हा भार इतक्या लवकर टाकायचं कारणच नाही. लोड द्या, पण मधल्या आरपीएमला.

मी करतो ते सांगतो. रस्ता मोकळा असेल तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये 2,500 पासून ॲक्सिलरेटर निम्मा ते पाऊण दाबायचा आणि काटा 4,500 पर्यंत सलग चढू द्यायचा. मग पाय पूर्ण काढून घ्यायचा आणि गिअरमध्येच गाडी हळूहळू उतरू द्यायची. ब्रेकला हात नाही, क्लच नाही. पुन्हा तेच, आठ-दहा वेळा. मग दहा मिनिटं शांत चालवायची. चढ-उताराचा वळणदार रस्ता यासाठी सोन्यासारखा, कारण तिथे लोड आणि वेग आपोआप बदलत राहतात. हायवे सगळ्यात वाईट. हायवेवर जावंच लागलं तर मी दर काही मिनिटांनी गिअर बदलतो, वेग कमी-जास्त करतो. आणि हो, वरच्या गिअरमध्ये 1,400-1,500 वर असताना पूर्ण ॲक्सिलरेटर कधीच नाही. टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त लोड ही जोडी सगळ्यात घातक. तिथे इंधन-हवेचं मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटू शकतं, आणि ते पिस्टन फोडण्याइतकं जोरदार असतं.

हे सगळं झालं इंजिन गरम झाल्यानंतरचं. माझा खरा जीव तुटतो तो इथे. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून थंड पिस्टन पूर्ण गोलही नसतो. तो किंचित लंबगोल घडवलेला असतो आणि तापला की गोलाकडे येतो. थंड इंजिनात तो आपल्या खऱ्या आकारातच नसतो. त्यात कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑईलही तापलं, असं नाही. ऑईलला बराच जास्त वेळ लागतो. ज्या गाडीत ऑईलचं तापमान दिसतं तिने ते 80 अंश दाखवेपर्यंत मी 3,000 ओलांडत नाही. दिसत नसेल तर कूलंट मध्यावर आल्यानंतर आणखी दहा मिनिटं धरा. उभ्या गाडीत आयडलवर तापवत बसू नका. ते सगळ्यात हळू तापणं आहे, आणि त्यात रिंगला दाबही नाही.

याबद्दल मी इतकं पोटतिडकीने का बोलतोय तेही सांगतो. मागची गाडी ताब्यात घ्यायला गेलो होतो. हार घातलेली गाडी बाहेर उभी. सकाळपासून कोणी सुरूही केलेली नसावी. तिथला एक मुलगा उत्साहाने आत बसला, स्टार्ट केली आणि "सर, एक्झॉस्टचा आवाज ऐका" म्हणत पाय तळापर्यंत दाबला. काटा थेट रेव्ह लिमिटरवर, म्हणजे ज्याच्या पुढे गाडी इंजिनाला जाऊच देत नाही तिथे. एकदा नाही, तीनदा. ओडोमीटरवर तेव्हा 11 किलोमीटर होते. मी काचेवर हात आपटून थांबवेपर्यंत ते झालेलं होतं. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता. त्या मुलाचा काहीच दोष नव्हता, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. म्हणून या वेळी बुकिंगच्या दिवशीच लेखी दिलं होतं: गाडी माझ्याशिवाय कोणी रेस करायची नाही, ट्रेलरवरून उतरवतानाही नाही. तुम्हीही असंच करा. संकोच करू नका.

"हे सगळं जुनं झालं" म्हणणाऱ्यांनी गाडी बनवणारे काय म्हणतात ते वाचावं. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना 2,000 किलोमीटरला खास रनिंग-इन सर्व्हिस असते. तीत इंजिन ऑईलबरोबर मागच्या डिफरन्शियलचंही (चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचं) ऑईल बदलतात. तोपर्यंत अनेक मॉडेलना 5,500 आरपीएमची मर्यादा असते. पोर्शे 911 साठी 3,000 किलोमीटर सांगते. शेवरलेच्या सी8 कॉर्व्हेटमध्ये तर पहिले 500 मैल, म्हणजे सुमारे 800 किलोमीटर, संगणकच खालच्या गिअरमध्ये टॉर्क कमी देतो. हे इंजिनिअर काही आजोबांच्या आठवणीवर चालत नाहीत. एकेकाळी इंग्लंडमध्ये नव्या गाडीच्या मागच्या काचेवर "रनिंग इन, प्लीज पास" अशी पाटी लावून लोक हळू चालवत, आणि तेव्हाच्या इंजिनांना ते लागतही असेल. आज मशीनिंग खूप सुधारलं, त्यामुळे काळ कमी झाला. गरज संपलेली नाही.

आणखी एक ऐकीव गोष्ट म्हणजे सिंथेटिक ऑईलवर रिंग बसत नाही. कॉर्व्हेट 1992 पासून आणि पोर्शे 1996 पासून कारखान्यातूनच सिंथेटिक ऑईल भरून निघतात. विषय संपला. पहिलं ऑईल लवकर काढावं का, यावर मात्र पुस्तिका सांगेल तसंच करा. होंडासारखी कंपनी कारखान्यातलं ऑईल मुदतीआधी बदलू नका म्हणते. माझ्या गाडीला 2,000 ला बदलायचं आहे. मागच्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला मी लिफ्टखाली उभा होतो. डिफरन्शियलचा ड्रेन प्लग निघाला तेव्हा त्याच्या चुंबकावर करड्या रंगाचा लगदा होता, नखावर घेतला तर काजळासारखा मऊ. आणि ट्रेमधलं ऑईल उन्हात धरल्यावर आत चांदीसारखी चमक फिरताना दिसत होती. दात एकमेकांना बसताना निघालेलं ते पोलाद होतं. तेव्हापासून डिफरन्शियललाही रनिंग-इन असतं हे मला कोणाला पटवून द्यावं लागत नाही, तो फोटो दाखवतो.

क्लच असेल तर पहिले 500 किलोमीटर झटक्याने सोडू नका, लाँच कंट्रोल (जागेवरून झपाट्याने सुटायची सोय) विसरा. टायर पहिले 300 किलोमीटर नीट पकडत नाहीत, पावसात तर अजिबात विश्वास ठेवू नका. साच्यातून सुटावेत म्हणून वापरलेल्या लेपाचा अंश त्यांच्यावर असतो.

ब्रेकबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथे सगळे चुकतात. नव्या पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढावा लागतो. त्यासाठी रिकामा रस्ता शोधा, मागे कोणी नाही ना ते बघा. 100 वरून 30 पर्यंत, मध्यम जोराने, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा. मग पाच-सात किलोमीटर ब्रेक न लावता चालवा, म्हणजे ते निवतील. तापलेल्या ब्रेकवर गाडी थांबवून पेडल दाबून धरलंत तर पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. मग महिन्याभराने स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि लोक "डिस्क वाकली" म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तो ठसाच असतो.

ऑईलची पातळी मात्र या काळात दर 500 किलोमीटरला बघा. नवं इंजिन थोडं ऑईल खातंच. माझ्या गाडीत डिपस्टिक नाही, स्क्रीनवरच बघावं लागतं. 600 ला थोडी उतरली होती, 1,200 ला जेमतेम, आणि आज सकाळी बघितलं तर रेघ हललेली नाही. पाच आठवड्यांत इतका आनंद मला कशाने झाला नव्हता. रिंग बसल्या.

360 किलोमीटर उरलेत. सर्व्हिसची तारीख पुढच्या शनिवारची घेतली आहे. त्यानंतरही एकदम रेडलाईन नाही, दर 200 किलोमीटरला 500 आरपीएम वाढवत नेणार. उद्या पहाटे साडेपाचला पुन्हा त्याच वळणाच्या रस्त्याला निघतोय. कोणाला सोबत यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा. एक सीट रिकामी आहे. पहिली वीस मिनिटं मात्र गाडी अगदी सावकाश चालेल.