स्टुडिओ मॉनिटर घरात नकोत असे म्हणणाऱ्या वाचकांस उत्तर

माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि उत्तर लिहायला मुद्दाम दोन दिवस जाऊ दिले, कारण त्याच दिवशी लिहिले असते तर ते आपल्याच सुरात लिहिले गेले असते. घरी गाणे ऐकण्यासाठी स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे ध्वनिमुद्रण तपासण्यासाठी स्टुडिओत वापरतात ते स्पीकर, घ्यायला हरकत नाही, उलट ते अनेकांना अधिक मानवतील, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपण चार आक्षेप घेतले आहेत. यामाहाच्या एन.एस.-10 या स्पीकरविषयी मी चुकीचे लिहिले, मॉनिटर जवळून ऐकण्यासाठी असतात, त्यामुळे दिवाणखान्यात ते निरुपयोगी, शांत खोलीत त्यांची खरखर ऐकू येते, आणि चौथा आक्षेप आपल्याच शब्दांत देतो: "मॉनिटर हे चुका शोधायचे हत्यार आहे, त्यावर गाणे ऐकणे म्हणजे गाण्याचे शवविच्छेदन, आणि असा सल्ला देणाऱ्याला गाणे नव्हे, यंत्रेच ऐकायची असतात."

पहिला आक्षेप बरोबर आहे. एन.एस.-10 हा स्टुडिओसाठी घडवलेला स्पीकर असल्याचे मी लिहिले होते. प्रत्यक्षात यामाहाने तो 1978 साली घरगुती स्पीकर म्हणून बाजारात आणला, घरांत त्याचे फारसे कौतुक झाले नाही, आणि पुढे ध्वनिमुद्रकांनी तो आपलासा केला. लेखात दुरुस्ती केली आहे. मात्र ती चूक दाखवताना "इतकेही ठाऊक नसेल तर लिहू नये" हे वाक्य जोडण्याचे कारण नव्हते. शिवाय ही माहिती आपल्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाते, हे आपल्या लक्षात आलेले दिसत नाही. घरासाठी केलेला स्पीकर स्टुडिओत वर्षानुवर्षे चालू शकतो, तर स्टुडिओतला स्पीकर घरात आणण्यात अपराध कोणता? बीबीसीने 1970 च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या, म्हणजे स्टुडिओबाहेरून कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या, गाड्यांतील अरुंद जागेसाठी एलएस 3/5ए हा लहानसा मॉनिटर तयार केला आणि तो पुढे घरी गाणे ऐकणाऱ्यांचा इतका लाडका झाला की आजही लोक तो जपून ठेवतात. जेबीएल या स्पीकर कंपनीचा एल-100 हा घरगुती स्पीकर तर त्यांच्याच 4310 या स्टुडिओ मॉनिटरवरून केलेला होता.

आता चौथ्या आक्षेपाकडे येतो. "शवविच्छेदन" हा शब्द मला अतिशय लागला. मतभेदाची मला भीती वाटत नाही, परंतु जो शब्द मृत देहासाठी वापरायचा तो कुणाच्या गाणे ऐकण्याला लावताना आपण क्षणभर थांबायला हवे होते.

मॉनिटर चुका दाखवतो, कारण तो स्वतःचे काही मिसळत नाही; त्याचे काम तेवढेच आहे. खर्जापासून तारेपर्यंतचे स्वर ज्या प्रमाणात ध्वनिमुद्रणात आहेत, त्याच प्रमाणात ते पुढे पोहोचवायचे, यालाच आपण सगळे "सपाट" प्रतिसाद म्हणतो. शब्द दुर्दैवी आहे, कारण सपाट म्हटले की ऐकणाऱ्याला नीरस असा अर्थ लागतो, आणि आपली सगळी टीका या एका गैरसमजावर उभी आहे. सपाट असतो तो स्पीकर; ध्वनिमुद्रणात ऊब असेल तर ती ऊब तशीच येते आणि कर्कशपणा असेल तर तोही येतो. खर्ज फुगवून आणि वरचे स्वर चमकवून देणारा स्पीकर पहिल्या दहा मिनिटांत मोहक वाटतो, पण तो प्रत्येक गाण्याला एकच रंग फासतो.

मॉनिटरने कान थकतात, असेही आपण या चौथ्या आक्षेपासोबत लिहिले आहे. ही समजूत बहुतांशी ज्या स्पीकरमुळे पसरली तो एन.एस.-10 मुळात सपाट नव्हता. त्यात मधले स्वर पुढे आलेले होते आणि खर्ज तोकडा होता. त्याचा दोष सपाटपणाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी 1980 च्या दशकात स्पीकर पडद्याआड ठेवून, कोणता वाजतो आहे हे कळू न देता, श्रोत्यांची पसंती तपासली. समोरून सपाट आणि बाजूंनाही तितक्याच सुरळीतपणे ध्वनी पसरवणारे स्पीकर श्रोत्यांना अधिक आवडले. पुढे याच विषयाचे संशोधक शॉन ऑलिव्ह यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आणि सामान्य श्रोत्यांची पसंती बव्हंशी एकाच दिशेने जाते, असे दिसून आले. म्हणजे सपाट स्पीकर केवळ ध्वनिमुद्रकालाच आवडतो, हे आपले गृहीतक तपासणीत टिकत नाही.

आणि "यंत्रेच ऐकायची असतात" याविषयी. मी चार वर्षे एका लहान स्टुडिओत ध्वनिसंपादनाचे काम केले आहे. दिवसभर एकाच गायकाचा एकच आलाप तोडून जोडल्यावर यंत्रांचा किती कंटाळा येतो, हे मला कुणी सांगण्याची गरज नाही. काम सुटल्यावर मी पाच इंची वूफरची (वूफर म्हणजे स्पीकरमधला खर्ज वाजवणारा भाग) एक मॉनिटर जोडी घरी आणली, आणि पहिले दोन आठवडे माझेही मत नेमके आपल्यासारखेच होते. आवाज बोजड, पुरुषी स्वर घशात अडकल्यासारखे, अर्ध्या तासात डोके जड. जोडी विकून टाकण्याच्या बेतात मी होतो. मग लक्षात आले की स्पीकर मी टेबलावर आडवे टाकले होते आणि मागची भिंत जेमतेम वीतभर अंतरावर होती. भिंतीला टेकलेल्या स्पीकरचा खर्ज सहा डेसिबलपर्यंत (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) वाढू शकतो, आणि टेबलाच्या पृष्ठभागावरून परतणारा आवाज मधल्या स्वरांत मिसळून ते गढूळ करतो. स्पीकर उभे करून स्टँडवर ठेवले, ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा स्पीकरमधला लहान भाग, कानाच्या उंचीला आणला, दोन स्पीकर आणि माझी खुर्ची यांचा समभुज त्रिकोण साधला आणि पाठीमागचे खर्ज कमी करण्याचे बटण दोन डेसिबल खाली केले. त्या रात्री वर्षानुवर्षे ऐकलेल्या एका ध्वनिमुद्रणात गायिकेच्या मागचे दोन तंबोरे मला प्रथमच दोन म्हणून ऐकू आले. एकाची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, किंचित अधिक उघडी होती आणि दोघांच्या षड्जांमधून गंधार वर येत होता. मी दिवा मालवून तासभर बसून राहिलो. तेव्हा मी स्पीकर ऐकत नव्हतो. आपण मला ओळखत नाही; तरीही मी काय ऐकतो याचा निवाडा एका वाक्यात करून मोकळे झालात, हे मला मान्य नाही.

राहिलेले दोन आक्षेप थोडक्यात. अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सहा डेसिबलने घटते, हे उघड्या जागेत खरे आहे. खोलीत भिंती हातभार लावतात आणि घट त्याहून कमी होते. खूप मोठ्या दिवाणखान्यात लहान मॉनिटर अपुरे पडतील, पण तो आकाराचा प्रश्न झाला, जातीचा नाही, आणि मोठे मॉनिटरही असतातच. खरखर काही स्वस्त जोड्यांत असते, ती अगदी जवळून ऐकू येते. परंतु तीन मीटरवर बसतो म्हणून मॉनिटर नकोत आणि खरखर ऐकू येते म्हणूनही नकोत, या दोन तक्रारी एकाच श्रोत्याच्या तोंडी कशा शोभतात, याचा आपणच विचार करावा.

पुन्हा लिहाल तर जरूर लिहा. कोणती जोडी, भिंतीपासून किती दूर, कानापासून किती अंतरावर आणि किती दिवस ऐकली, एवढे त्यात असू द्या, म्हणजे मला उत्तर देता येईल. या प्रतिक्रियेत त्यातले एकही नव्हते.