आवाज कुणाचा?

सोमवारची मीटिंग. स्क्रीनवर साहेबांचे ओठ हलताहेत, भुवया वर जाताहेत, आणि मी अंदाजानं मान डोलावतोय. लॅपटॉप मुका. "म्यूट तर नाही ना?" असं घरातल्या प्रत्येकानं दारातून जाता-जाता विचारून घेतलं.

विंडोजचा ट्रबलशूटर चालवला. त्यानं बराच वेळ चिंतन केलं आणि कळवलं की दोष सापडला नाही. व्हॉल्यूम मिक्सरमध्ये तर हिरवी पट्टी थयथय नाचत होती. म्हणजे आवाज होता, माझ्याशी अबोला होता. आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि साउंड कार्डमधला दुभाषी प्रोग्रॅम, काढून टाकला. रीस्टार्ट केल्यावर तो आपला आपण परत येऊन बसला, हात हलवत.

स्पीकरच तर गेला नाही ना, हे बघायला त्याच लॅपटॉपवरचं उबुंटू उघडलं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली. लिनक्समध्ये आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमांची भाऊबंदकी मोठी: तळाशी अल्सा, त्याच्यावर पल्सऑडिओ, आणि उबुंटूच्या 22.10 आवृत्तीपासून पल्सऑडिओच्या गादीवर पाइपवायर. इथंही शांतता. मग आज्ञा टाइप करायच्या टर्मिनलमध्ये अल्साचा आवाज कमी-जास्त करणारा अल्सामिक्सर उघडला. काळ्या पडद्यावर उभे खांब आले. 'मास्टर' शंभरावर, आणि शेजारच्या 'स्पीकर'च्या पायाशी बारीक अक्षरांत 'एमएम'. म्हणजे म्यूट! घरच्यांचा प्रश्न अगदीच वाया गेला नव्हता. 'एम' दाबलं, 'एमएम'चं 'ओओ' झालं आणि स्पीकरची चाचणी घेणाऱ्या बाई खणखणीत बोलल्या, "फ्रंट लेफ्ट!" कान तृप्त झाले. पण ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचं व्हीपीएन चालतं फक्त विंडोजवर.

"माझ्या मॅकवर असलं काही होत नाही," बायको म्हणाली. तिचा मॅक एचडीएमआयनं मॉनिटरला जोडला की आवाजाची बटणंच संपावर जातात आणि पडद्यावर रेघ मारलेलं वर्तुळ येतं. मी काही बोललो नाही. संसार करायचाय.

पुन्हा विंडोज, पुन्हा मीटिंग, पुन्हा मूकपट. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई पदराला हात पुसत आली.

"अरे, भजन लावायला म्हणून तो ब्लूटूथचा डबा सुरू केला, तर त्यातून तुझे साहेबच बोलायला लागले. मघाशी मधेच गेले होते, आता परत आलेत."

"काय म्हणत होते?"

"शुक्रवारपर्यंत दोन्ही रिपोर्ट तू देणार. बरं झालं लगेच हो म्हणालास, म्हणाले."

मी तो डबा बंद करायला धावलो, तर आईनं मनगट धरलं. "थांब रे, त्या हिशेबवाल्या बाई आता त्यांना उत्तर देताहेत!"