हक्काची पायवाट

इंग्लंडात मे महिन्यात दोन सोमवारी बँक हॉलिडे असतो. पहिल्या सोमवारी माणूस कपडे धुतो. शेवटच्या सोमवारला जोडून मात्र कुठेतरी निसर्गात गेलंच पाहिजे. नाही गेलं, तर इथल्या मराठी ग्रुपवर दुसऱ्यांच्या डोंगरांना लाइक देत बसावं लागतं.

आम्ही पीक डिस्ट्रिक्टला गेलो. म्हणजे नवऱ्याने ठरवलं आणि मी बॅगा भरल्या. मिल्टन कीन्सहून कागदावर अडीच तास. कागदाला मुलं नसतात.

एम-वनवर नवऱ्याने इतिहास सांगायला घेतला. हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ सालचं. त्याआधी हे माळ बड्या जमीनदारांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले असत. २४ एप्रिल १९३२ला मँचेस्टरकडची शेकडो कामगार पोरं मुद्दाम इथल्या किंडर स्काउट या पठारावर घुसली, रखवालदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. "कशासाठी? नुसतं चालायला मिळावं म्हणून!" नवऱ्याचा आवाज भरून आला होता. मागून चिरंजीव म्हणाले, "बाबा, शू."

कॅसलटनजवळचं कॉटेज फोटोतल्यासारखंच दगडी आणि देखणं होतं. तुळई किती खाली आहे ते फोटोत कळत नाही. ते नवऱ्याच्या कपाळाला कळलं. बेसिनला गरम पाण्याचा नळ एका टोकाला, गारचा दुसऱ्या टोकाला. कोमट हवं तर आपापल्या ओंजळीत करून घ्यायचं.

मेअखेरीस इथे सूर्य सव्वानऊला मावळतो आणि पाचच्या आत परत हजर होतो. उजेड आहे म्हणजे दिवस आहे, हा चिरंजीवांचा सिद्धान्त. त्यामुळे रविवारी पहाटे पाचला आम्ही कांदेपोह्यांच्या तयारीत होतो. मोहरी तडतडली, मिरची पडली आणि छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागला. नवरा टॉवेल घेऊन त्याला वारा घालायला धावला. वाटेत तुळई होतीच.

दहाला मॅम टोरकडे निघालो. उंची ५१७ मीटर, सिंहगडाच्या निम्मीसुद्धा नाही. कॉलेजात एका रात्रीत के-टू-एस, म्हणजे कात्रज ते सिंहगड, चालून केलेल्या माणसाला असल्या आकड्यांचं हसू येतं. मला येत नव्हतं, कारण बाबागाडी मी ढकलत होते.

शेतातून जाणाऱ्या पायवाटेवर एक फाटक लागतं. हे फाटक अर्धगोल कठड्याच्या आत झुलत असतं. आपण आत शिरायचं, कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायचं, फाटक पोटावरून अलीकडे ओढायचं आणि पलीकडे निसटायचं. एवढं डोकं मेंढीला नसतं, असा इंग्रजांचा अंदाज आहे. बाबागाडीलाही नसतं. धाकटीला उचललं, गाडी मिटली, चाक कठड्यात अडकलं, कप होल्डर निखळून चिखलात पडला. मागे काठ्या घेतलेलं एक वयस्क जोडपं कुत्र्यासह थांबलं होतं. "नो रश अ‍ॅट ऑल," आजोबा म्हणाले. इंग्रज माणूस असं म्हणाला की आपले हात जास्तच थरथरतात. कुत्रा तर सभ्यपणे दुसरीकडे बघत होता.

चिरंजीवांना मात्र फाटक इतकं आवडलं की ते त्यातून आत-बाहेर करत राहिले. तिथून हलवलं, तेव्हा त्यांनी वाटेच्या मधोमध बसकण मारली. "मी नाही चालणार."

ज्या हक्कासाठी लोक तुरुंगात गेले, त्या हक्कावर आमचा मुलगा ढुंगण टेकून बसला होता. या देशात सार्वजनिक पायवाटेवर चालायला कोणी अडवू शकत नाही. न चालणाऱ्याचं काय करायचं, याबाबत कायदा गप्प आहे.

शेवटी बाबागाडी तिथल्याच एका दगडी भिंतीला टेकवून ठेवली. धाकटी माझ्या पाठीवर, चिरंजीव बाबांच्या खांद्यावर. के-टू-एसला खांद्यावर बिस्किटाचा चुरा सांडणारं सोळा किलोचं ओझं नसतं. मॅम टोरला थरथरता डोंगर म्हणतात; त्याची एक बाजू सतत घसरत असते, १९७९ साली खालचा मोठा रस्ताच कायमचा बंद करावा लागला. त्या दिवशी डोंगर स्थिर होता. नवऱ्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. माथ्यावरून एका बाजूला एडेल आणि दुसऱ्या बाजूला होप व्हॅली दिसते म्हणतात. आम्हाला दोन्हीकडे ढग दिसला. मग तो ढग पडायला लागला.

भिजून पबमध्ये पोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि स्वयंपाकघर अडीचला बंद झालं होतं. चार पाकिटं क्रिस्प्स घेतली. शेजारच्या टेबलावर फाटकातलंच जोडपं, समोर रोस्टच्या रिकाम्या प्लेटा, खाली कुत्रा झोपलेला.

"सो, डिड ही मेक इट टु द टॉप?" आजींनी कौतुकाने विचारलं.

नवरा तोंड उघडणार, तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "ऑल द वे! बट डॅडी वॉज व्हेरी स्लो."