बाटली धुताना आत बघू नये

मेडिकलच्या 'नीट' परीक्षेत तुमचं थोडक्यात हुकलं, हे आम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांचंच थोडक्यात हुकतं. भरपूर हुकलेला माणूस मला अजून भेटायचाय. तर आता तुम्ही बी.एस्सी.ला आलात. कॉलेजच्या माहितीपत्रकावर पांढरा कोट घालून मायक्रोस्कोपात डोळा घातलेली मुलगी बघून तुमची समजूत झाली आहे, की इथे 'प्रत्यक्ष संशोधनाची संधी' मिळते. मिळते की. फक्त ती जरा बेतानं घ्यावी लागते. (ती मुलगी कॉमर्सची होती आणि मायक्रोस्कोपाचा दिवा बंद होता, ही गोष्ट वेगळी.)

पहिल्याच वर्षी कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकल येईल. मुळाचं टोक आम्लात मऊ करायचं, लाल रंगाच्या थेंबात ठेवायचं, वर कव्हरस्लिप टाकायची आणि अंगठ्यानं दाबायचं. कव्हरस्लिप फुटते. दुसरी घ्या, तीही फुटते. तिसरी टिकते, कारण तोवर तुमच्या अंगठ्यात दाबायचं बळ राहिलेलं नसतं. मग आत बघावं तर बहुतेक पेशी गोल केंद्रक पोटाशी धरून नुसत्या बसलेल्या. विभाजन चाललेल्या असतात चार-दोन, त्याही एकमेकींवर चढलेल्या. नवखी पोरं इथेच फसतात. दिसतं ते काढायला बसतात.

तुम्ही सरळ सीनियरचं जर्नल उघडा. त्यात विभाजनाच्या चारही अवस्था शिस्तीत एका ओळीत उभ्या असतात. आमच्या कॉलेजात ते चित्र बॅचमागून बॅच उतरत आलंय आणि त्यात एका गुणसूत्राला एक पाय जास्तीचा आहे. तोही सगळ्यांनी भक्तिभावानं उतरवलाय. पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हा झालेल्या चुका तपासून दुरुस्त करते. आमच्याकडे तसली भानगड नाही. त्या जास्तीच्या पायावर मला दहापैकी नऊ मिळाले होते. एक मार्क गेला तो शेडिंग केलं म्हणून. शेडिंग करायचं नसतं, ठिपके मारायचे असतात.

तुमच्या आधीच्या पिढीला निदान झुरळ तरी हाताला लागायचं. 2014 साली यूजीसीनं कॉलेजातलं विच्छेदन थांबवलं. प्राण्यांच्या दृष्टीनं हे उत्तमच झालं. आता भिंतीवरचा तक्ता बघायचा. तक्त्यातलं झुरळ पळत नाही, वास मारत नाही आणि ऐनवेळी त्याच्या पोटात पुस्तकात नसलेलं काही निघत नाही.

तिसऱ्या वर्षी मात्र प्रोजेक्ट येतं. घाबरायचं कारण नाही, विषय ठरलेला आहे. अंगणातलं कुठलंही झाड घ्या. तुळस, कडुनिंब, अडुळसा, कोरफड, आजीला विचाराल ते. पानं वाळवा, मिक्सरमधून काढा, अल्कोहोलमध्ये भिजत घाला. बॅक्टेरिया पसरलेल्या अगरच्या (म्हणजे जेलीसारख्या थराच्या) प्लेटमध्ये बुचाच्या पंचानं खड्डे पाडा, त्यात तो हिरवा काढा ओता आणि रात्रभर 37 अंशांवर ठेवा. सकाळी खड्ड्याभोवती स्वच्छ कडं दिसेल. कंपासपेटीतली पट्टी लावून मिलिमीटर मोजा, आणि लिहा: आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं.

एकच काळजी घ्या. शेजारच्या खड्ड्यात नुसतं अल्कोहोल घालून बघू नका. त्याला कंट्रोल म्हणतात आणि भल्याभल्या प्रोजेक्टांचा त्यानं सत्यानाश केलाय. आमच्या वर्गातल्या एकीनं हौसेनं तो ठेवला. नुसत्या अल्कोहोलभोवतीही कडं आलं, कडुनिंबाइतकंच. बिचारी तीन दिवस झोपली नाही. शेवटी सरांनी समजूत घातली, "अगं, प्लेट कंटॅमिनेट झाली असेल. टाकून दे." टाकली. तिचा पहिला नंबर आला.

बाहेरच्या संधींचंही बघून घेऊ, म्हणजे त्या टाळता येतील. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे 2004 पासून पदवीच्या पोरांसाठी एनआययूएस नावाचा कार्यक्रम चालतो आणि त्यात जीवशास्त्रही आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात. एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जाऊन बसायचं, आणि वर विद्यावेतन. अर्ज हिवाळ्यात भरायचा असतो, तेव्हा आपलं सबमिशन चालू असतं, त्यामुळे तारीख आपोआप निघून जाते. तरीही कुणी आठवण केलीच तर त्या अर्जात तुम्हाला काय करून बघायचंय याचं लहानसं टिपण मागतात, तिथे गाडी हमखास अडते. केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळाली असेल तर वर्षाच्या 80,000 रुपयांपैकी 20,000 उन्हाळी प्रोजेक्टच्या नावे असतात. त्याचं काय करायचं हे तुम्हाला सांगायला नको. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष 'ऑनर्स विथ रिसर्च'चं आहे. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्यालाच ते करता येतं. म्हणजे संशोधन कुणी करायचं, तर ज्यानं तीन वर्षं अपेक्षित उत्तरच लिहिलं त्यानं. व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे.

पोरांना मोकळं सोडलं की काय होतं, याचे दोन दाखले मी पालक-मेळाव्यात नेहमी देतो. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन नावाचे प्राध्यापक फळमाश्या पाळायचे. त्यांच्याकडे स्टर्टेव्हंट नावाचा पदवीचा विद्यार्थी होता. 1911 साली त्यानं एका रात्री सरांचे आकडे घरी नेले आणि गृहपाठ बाजूला ठेवून पहाटेपर्यंत जनुकांचा पहिला नकाशा काढून बसला. गृहपाठाचे मार्क गेले की नाही? आणि ब्रिजेस नावाच्या दुसऱ्या पोराला बाटल्या धुवायला ठेवला होता. धुवायच्या एका बाटलीत, जाड काचेआडून, त्याला वेगळ्याच लालभडक डोळ्यांची माशी दिसली. झालं, मॉर्गननी त्याला बाटल्यांवरून उचलून माश्यांवर बसवलं. पुढे दोघेही जन्मभर त्याच माश्यांत राहिले. ना दवाखाना, ना पाटी. पालक-मेळाव्यात इथे एक सुस्कारा ऐकू येतो.

मी स्वतः ड्रोसोफिलाच, म्हणजे तीच फळमाशी, प्रोजेक्टला घेतली होती. तुळस शेजारच्या बॅचनं आधीच धरली होती. माशीचं खाद्य घरच्या स्वयंपाकाइतकं सोपं असतं. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि घट्ट व्हायला अगर. बुरशी धरू नये म्हणून थोडं प्रोपिऑनिक आम्ल. आमच्या लॅबच्या मामांनी ते ढवळताना विचारलं, "यात वेलची नाही का घालत?" दहा-बारा दिवसांत पिढी बदलते, म्हणजे एका सत्रात आजी-नाती सगळ्या बघून होतात. मला लांब पंखांच्या आणि चुरगळलेल्या, नसल्यात जमा पंखांच्या माश्यांचा संकर करायचा होता. नातवंडांत प्रमाण तीनास एक यावं, असं आनुवंशिकतेचे नियम मांडणारे मेंडेल सांगून गेलेत.

अडचण पहिल्याच दिवशी आली. संकरासाठी माशी कुमारिका लागते. कोषातून बाहेर पडल्यापासून साधारण आठ तासांच्या आत तिला वेगळं काढलं तरच भरवसा. माश्या बाहेर येतात त्या मुख्यतः पहाटे. आमची लॅब उघडायची अकराला, आणि किल्ली ज्या शिपायाकडे असायची तो यायचा पावणेबाराला. मी अर्ज केला की लॅब सकाळी सातला उघडावी. अर्जावर शेरा आला: 'माश्यांच्या वेळा कॉलेजच्या वेळेशी जुळवून घ्याव्यात.' तो कागद मी अजून जपून ठेवलाय. शेवटी दोन बाटल्या पिशवीत घालून घरी नेल्या आणि देवघराच्या कट्ट्यावर ठेवल्या, कारण घरात पहाटे दिवा तिथेच लागायचा. आईनं आठवडाभर नैवेद्य झाकून ठेवला.

पुढचं सगळं बरं पार पडलं. दुसऱ्या पिढीच्या माश्यांना ईथरची गुंगी दिली, पांढऱ्या टाइलवर ओतल्या आणि रंगकामाच्या ब्रशनं एकेक सरकवत मोजल्या. लांब पंखांच्या 214, चुरगळलेल्या 51. सव्वाचारास एक! काय-स्क्वेअर, म्हणजे आकडे अपेक्षेपासून किती ढळले त्याचं माप, काढला तर 4.68, आणि तो 3.84 च्या आत हवा. मी घाबरून सरांकडे गेलो. सर पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "टोटल किती?"

"265, सर."

"मग 199 आणि 66 कर. पुन्हा मोज म्हणत नाही मी. कर म्हणतोय."

केले. याला फसवणूक म्हणू नका, घराण्याची परंपरा आहे. खुद्द मेंडेलचे वाटाणे बघा: गोल 5474, सुरकुतलेले 1850. म्हणजे 2.96 ला 1. 1936 साली फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं त्यांचे सगळे आकडे तपासले आणि म्हटलं, हे जरा जास्तच छान जुळताहेत. कुणीतरी मदतनीस असणार, ज्याला काय यायला हवं ते आधीच पक्कं माहीत होतं. त्या मदतनिसाबद्दल मला फार आपुलकी वाटते. त्याचंही इंटर्नल 20 मार्कांचं असणार.

एक्स्टर्नल आले. त्यांनी माझा काय-स्क्वेअर बघितला, शून्याला चिकटलेला. म्हणाले, "वा! इतकं स्वच्छ काम हल्ली बघायला मिळत नाही." चहा आला, बिस्किटं आली, सही झाली.

संध्याकाळी मामा म्हणाले, बाटल्या धुऊन ठेव, उद्या पुढची बॅच आहे. नळाखाली पहिली बाटली धरली. तळाच्या ओल्या खाद्यात काळे ठिपके रुतलेले दिसले, म्हणून उजेडाकडे वळवली. माश्याच होत्या. पंख नसलेल्या. उडता येत नाही, खाद्यावर पडल्या की चिकटतात, आणि टाइलवर ओतताना बाटलीतून बाहेर येत नाहीत. अशा सहा बाटल्या होत्या. मी मोजल्या नाहीत. मामा दार लावायला उभे होते.

तर ब्रश घेताना लांब दांड्याचा घ्या. तळापर्यंत पोचतो, आणि डोळा बाटलीजवळ न्यावा लागत नाही.