ड्रिल मशिन ॲसिडात बुडवण्याआधी हे वाचा

‘जुनं अमेरिकन ड्रिल मशिन : भंगारातलं सोनं’ हा जुनी मशिनं घेण्या-दुरुस्तीच्या युक्त्या सांगणारा मेसेज आमच्या ग्रुपवर आला तेव्हा मी दुर्लक्ष केलं. म्हटलं, फिरू दे. पण तो फिरत फिरत अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला, माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याने तिथे वॉकर-टर्नर कंपनीचं एक जुनं बेंच ड्रिल (टेबलावर ठेवायचं ड्रिल मशिन) घेतलंय. ते सोडवून सगळे भाग ॲसिडच्या बादलीत टाकल्याचा फोटो त्याने मला हौसेने पाठवला. खाली लिहिलेलं, ‘मामा, मेसेजप्रमाणे चाललंय.’ म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेजचा पहिला दावा असा की हेडवरचा (मशिनच्या वरच्या भागावरचा) ओतकामात उमटलेला नंबर म्हणजे मशिनचं साल. अहो, तो नंबर त्या भागाचा किंवा तो ओतायच्या नमुन्याचा (पॅटर्नचा) असतो. हेडवर एक, टेबलावर दुसरा, बेसवर तिसरा. एका मशिनचे तीन वाढदिवस करायचे का? साल काढायचं तर नेमप्लेट वाचा. वॉकर-टर्नर ही न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डची कंपनी, म्हणजे भाच्याच्या शेजारच्याच गावची. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ती मिलवॉकीच्या कर्नी अँड ट्रेकरकडे गेली आणि पन्नासच्या दशकात रॉकवेलकडे. प्लेटवर यातलं कुठलं नाव आहे, त्यावरून काळाचा अंदाज येतो. डेल्टा ही ड्रिल बनवणारी दुसरी कंपनी रॉकवेलने १९४५ साली घेतली, त्यामुळे डेल्टाच्या प्लेटवर रॉकवेल लिहिलेलं असेल तर ‘युद्धाआधीचं मशिन आहे’ म्हणणारा विक्रेता थापा मारतोय. व्हिंटेज मशिनरी डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर जुने कॅटलॉग स्कॅन करून ठेवलेत. चित्र समोर ठेवा आणि हेड, पुलीचं कव्हर, टेबलाचा क्लॅम्प जुळवून बघा.

दुसरा दावा : ‘जड तेवढं अचूक, जुनं बीड (ओतीव लोखंड) झिजत नाही.’ यातलं अर्धं नाइलाजाने मान्य करतो. जाड बिडाचं मशिन कमी थरथरतं आणि वर्षानुवर्षं मुरलेल्या ओतकामातले काही ताण निघून गेलेले असतात, हे खरं. पण भोक बीड पाडत नाही, स्पिंडल (फिरणारा दांडा) पाडतो. त्याचे बेअरिंग आणि क्विल (स्पिंडलला घेऊन वर-खाली सरकणारी नळी) झिजतात, मशिन दोनशे किलोचं असलं तरी झिजतात. घेताना क्विल पूर्ण खाली आणा, चक (ड्रिलचं पातं पकडणारा भाग) धरून आडवं हलवा. हाताला खेळ जाणवला की किंमत पाडा.

आता ॲसिड. मेसेज म्हणतो : ‘सगळे भाग रात्रभर ॲसिडमध्ये ठेवा, सकाळी नव्यासारखे.’ दिसतात खरे नव्यासारखे, आणि तिथेच माणूस फसतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड गंज खातं आणि गंज संपला की खालचं लोखंडही खातं. थांब म्हणून त्याला कोण सांगणार? बेसला काही फरक पडत नाही. पण क्विलचा बाहेरचा भाग ग्राइंडिंग केलेला असतो आणि हेडच्या बोअरमध्ये (भोकात) तो मिलिमीटरच्या काही शतांश फटीत सरकतो. तो खाल्ला गेला की खेळ कायमचा. टेपरचंही, म्हणजे चक बसतो त्या निमुळत्या टोकाचंही, तसंच. चक टेपरवर टिकतो तो पूर्ण पृष्ठभाग चिकटून बसल्यामुळे, आणि ॲसिडने तिथे खड्डे पडले की पकड गेली.

याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. लोखंडावर ॲसिडची क्रिया होताना हायड्रोजन सुटतो आणि कठीण पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. ही माझ्या मनची भीती नव्हे. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा चढवण्याच्या) धंद्यात यासाठी एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेचं बी ८५० हे मार्गदर्शक आहे. उच्च ताकदीचं पोलाद प्लेटिंगनंतर १९० ते २२० अंश सेल्सियसला तासन्‌तास भट्टीत ठेवा, असं ते सांगतं, आणि ते आत शिरलेल्या हायड्रोजनसाठीच. ड्रिल मशिनमध्ये असं पोलाद कुठे असतं? क्विल वर ओढणाऱ्या गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये. ती ताणलेल्या अवस्थेत डबीत बसलेली असते, उघडतानाच हात कापू शकते. ॲसिडातून काढलेली स्प्रिंग पुन्हा गुंडाळताना तुटली तर काय होईल, ते मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःच्या बोटांवर करून बघावं. भाच्याला सांगितलंय : ती स्प्रिंग फेक, नवी घे.

शिवाय त्या ॲसिडच्या वाफांनी गॅरेजमधली बाकीची हत्यारंही गंजतात. ते बोनस समजा.

मग गंज काढायचा कसा? स्पिंडल, क्विल, कॉलम यांना रॉकेल आणि बारीक घासणी पुरते. वेळ लागतो, लागू दे. बेस आणि टेबलासारखे बोजड भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून साफ करता येतात. मशिनचा भाग ऋण टोकाला, साधं टाकाऊ लोखंड धन टोकाला. तिथे स्टेनलेस लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. खिडक्या उघड्या ठेवा, कारण हायड्रोजन इथेही सुटतो आणि तोही मशिनच्या भागावरच. म्हणजे स्प्रिंग इथेसुद्धा नको.

पुढचं रत्न : ‘चक सारखा निसटत असेल तर वेल्डिंगचा टाका मारा.’ मारा, आणि मशिन पुन्हा भंगारात नेऊन टाका. वेल्डिंगच्या उष्णतेने स्पिंडल वाकतो आणि चक बदलायची सोय संपते. चक निसटतो तो टेपरवर तेल किंवा ओरखडा असल्यामुळे, नाहीतर ड्रिलवर मिलिंग केल्यामुळे. आडवा जोर सोसायला ते मशिन बनलेलंच नाही. टेपर थिनरने पुसा, चकचे जबडे पूर्ण आत घ्या आणि लाकडी हातोडीचा एक ठोका द्या. तरी भोक वेडंवाकडं पडलं तर चक काढून थेट टेपरवर डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावा. काटा हलला नाही तर दोष चकचा, नवा चक बसवा. हलला तर आधी बेअरिंग तपासा, मग स्पिंडल.

‘जुने बेअरिंग मिळत नाहीत’ हेही खोटं. व्हर्नियर घ्या, तीन मापं मिलिमीटरमध्ये लिहा : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. १७-४०-१२ आलं तर ते ६२०३ नंबरचं बेअरिंग, कुठल्याही दुकानात मिळतं. ‘१५ इंची ड्रिल मशिन म्हणजे १५ इंच खोल भोक’ यावर काय बोलावं? १५ इंच व्यासाच्या चकतीच्या मधोमध भोक पाडता येतं, म्हणजे चकच्या मध्यापासून कॉलमपर्यंत साडेसात इंच, एवढाच त्याचा अर्थ.

राहिला रंग. मेसेज म्हणतो, ‘ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून उडवा.’ त्या काळच्या रंगात शिसं असण्याची शक्यता भरपूर, आणि उडवलेली धूळ तुमच्याच फुप्फुसात जाते. रंग मऊ करणारा रिमूव्हर लावा, ओला असतानाच खरवडा आणि पोरांना तिथे फिरकू देऊ नका. आणि मोटरची जुनी दोन तारांची केबल वाकवल्यावर तडकत असेल तर रंगाच्या आधी ती बदला. अर्थिंगसकट.